परक्यांचे वैर आणि काशीचे एंजिन

मराठी मनातली काशी म्हणजे घाटांची, देवालयांची आणि वेदशाळांची काशी. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर, शिंदे आणि भोसले यांच्या नावांचे घाट, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या अरुंद गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली दाक्षिणात्य शास्त्र्यांची घराणी यांविषयी आपल्या भाषेत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्याच नगरीच्या पश्चिमांगास, पूर्वी मंडुआडीह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थानकाच्या आसमंतात, ज्या कारखान्याने अर्धशतकाहून अधिक काळ भारतीय आगगाड्यांना डिझेल एंजिने पुरवली, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच गेले. दोन बलाढ्य राष्ट्रांचे वैर भडकले म्हणजे त्या वैराशी ज्याचे काही देणेघेणे नाही अशा तिसऱ्याच्या धंद्याचे, इंधनाचे आणि खजिन्याचे काय होते, याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास बनारससारखे दुसरे गाव शोधून सापडावयाचे नाही. कारण या गावाने अशा वैराचा भुर्दंडही भरला आहे आणि त्याचा लाभही उचलला आहे.

भुर्दंडाची हकिकत आधीची. १७७५ मध्ये अवधच्या नबाबाने बनारसचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, आणि राजा चेतसिंग सालिना सुमारे साडेबावीस लक्ष रुपयांच्या खंडणीवर कंपनीचा मांडलिक झाला. ठरलेली रक्कम वेळच्या वेळी पोचती होत राहील तोवर त्याउपर काही मागावयाचे नाही, अशी कलकत्त्याच्या कौन्सिलाची त्या वेळची भूमिका होती. परंतु १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील चौलच्या बंदरात उतरून पुण्याच्या दरबारी दाखल झाला, नाना फडणिसांशी त्याच्या चाललेल्या मसलतींच्या वार्तांनी इंग्रज मुत्सद्दी धास्तावले, आणि पुढल्या वर्षी इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपल्याची खबर कलकत्त्यास येताच गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने चेतसिंगाकडे लष्करखर्चापोटी पाच लक्ष रुपयांची जादा मागणी रवाना केली. ज्या युद्धाचे कारण अमेरिकेच्या किनाऱ्यावर घडले, त्याची हुंडी अशा रीतीने गंगेच्या काठी वटावयास आली. दुसऱ्या वर्षी तीच मागणी झाली, तिसऱ्या वर्षी पुन्हा झाली, आणि वर दोन हजार घोडेस्वार पुरवण्याचा हुकूम सुटला. राजाने थोडे भरले, थोडी सूट मागितली, थोडा विलंब लावला. तेव्हा पन्नास लक्षांचा दंड वसूल करण्याचे मनात योजून हेस्टिंग्ज ऑगस्ट १७८१ मध्ये स्वतः बनारसला आला आणि त्याने राजाला शिवाला घाटावरील त्याच्याच वाड्यात नजरकैद केले. शहर खवळले, पहाऱ्यावरचे शिपाई कापले गेले, राजा पागोट्यांची दोरी करून खिडकीवाटे नदीत उतरला, आणि खुद्द गव्हर्नर जनरलला चुनारच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला.

या उठावाची अखेर जी व्हावयाची तीच झाली. चेतसिंगाचे वडील बळवंतसिंग यांचा दौहित्र महीपनारायण गादीवर बसवण्यात आला, खंडणी चाळीस लक्षांवर गेली, टाकसाळ आणि न्यायदान संस्थानच्या हातून गेले. चेतसिंग महादजी शिंद्यांच्या आश्रयास गेला आणि १८१० मध्ये ग्वाल्हेरीस वारला. ज्या महादजींच्या छायेत तो राहिला त्यांनीही त्याच सुमारास इंग्रजांशी तहाची बोलणी लावली होती, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहनाम्यात इतर युरोपीय टोपीकरांना पेशवाईच्या मुलखात थारा न देण्याचे कलम दाखल झाले. चेतसिंगाचा घात केवळ हेस्टिंग्जच्या लोभाने झाला असे म्हणणे अपुरे आहे. समोरासमोर दोन वाण्यांची दुकाने असली म्हणजे गरीब गिऱ्हाइकालाही उधारी मिळते आणि मापही भरभरून मिळते; राजाला मात्र दुसऱ्या दुकानापर्यंत जाण्याची वाटच नव्हती. फ्रेंच दूर समुद्रावर होते, मराठे आपापल्या विवंचनेत होते, आणि कंपनीची पलटण दारात होती.

एकोणिसाव्या शतकात हे एकच दुकान अधिक प्रशस्त झाले. १८६२ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचे रूळ गंगेपलीकडील मुगलसराईपर्यंत आले आणि १८८७ मध्ये नदीवर पूल झाला. राणीगंज-झरियाचा कोळसा याच वाटेने पश्चिमेकडे जाऊ लागला आणि मुगलसराईचे यार्ड पुढे आशिया खंडातील अवाढव्य यार्डांत गणले जाऊ लागले. कोळसा हिंदी, रूळांखालची जमीन हिंदी, फावडे मारणारा खलाशीही हिंदी. एंजिन मात्र विलायतेचे. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये आणि जमालपूरच्या कारखान्यात १८९९ मध्ये एंजिन संपूर्ण बांधून दाखवण्यात आले होते, म्हणजे येथील कारागिरांना ते साधत नव्हते अशी गोष्ट नव्हती. पण मागणीचा मोठा ओघ ग्लासगो आणि मँचेस्टरच्या कारखानदारांकडेच वाहता ठेवण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला, तोवर या देशाजवळ प्रवासी होते, माल होता, कोळसा होता, आणि एंजिनाचे नकाशे मात्र परक्यांच्या दप्तरात होते.

बनारसच्या नव्या कारखान्याची कोनशिला २३ एप्रिल १९५६ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. त्या वेळी रेल्वेमंत्री होते लालबहादूर शास्त्री, जे मुगलसराईतच जन्मले होते. जग तेव्हा दोन छावण्यांत विभागलेले होते, आणि दिल्लीने कोणत्याच छावणीत नाव न नोंदवण्याचे धोरण स्वीकारले होते. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाने, रूरकेलाचा पश्चिम जर्मनीने आणि दुर्गापूरचा ब्रिटनने उभारून द्यावयाचा, अशी त्या दशकाची वाटणी होती. पोलादाच्या भट्ट्यांना उत्तम कोळसा हवा होता, आणि तोच कोळसा वाफेची एंजिने वाटेत फस्त करीत होती. म्हणून कर्नेलसिंग यांच्या अध्यक्षतेखालील इंधन समितीने डिझेल आणि विजेचा मार्ग सुचवला. विजेच्या कामी फ्रेंच रेल्वेचे साहाय्य घेण्यात आले, डिझेलसाठी दृष्टी अमेरिकेकडे वळली.

अमेरिकेतही त्या वेळी दोन दुकाने होती. जनरल मोटर्स ही बाजारपेठेची अनभिषिक्त स्वामिनी; आणि न्यूयॉर्क प्रांतातील स्केनेक्टडी गावची अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, जिला सारे ‘अल्को’ म्हणत, ही वाफेच्या काळातली मातब्बर परंतु डिझेलच्या काळात मागे पडलेली पेढी. दोघींनीही सुमारे २६०० अश्वशक्तीची एंजिने भारतात धाडली. जनरल मोटर्सचे एंजिन यंत्रदृष्ट्या सरस होते असे जाणकार सांगतात. पण रेल्वेच्या अधिकाऱ्यांना एंजिनाबरोबर त्याची विद्याही हवी होती, आणि ती देण्यास जनरल मोटर्स राजी नव्हती. अल्कोला गिऱ्हाइकाची गरज होती, म्हणून ती राजी झाली. ऑगस्ट १९६१ मध्ये डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स, म्हणजे बनारसी लोकांच्या तोंडचे ‘डीरेका’, रीतसर अस्तित्वात आले. प्रथम अमेरिकेहून तयार एंजिने आली, मग सुटे भाग आले, आणि जानेवारी १९६४ मध्ये येथे जुळवलेले पहिले एंजिन देशाला अर्पण झाले. चांगल्या वस्तूपेक्षा शिकवणारी वस्तू पत्करण्याचा तो निर्णय त्या काळी अनेकांना तोट्याचा वाटला असेल; पुढचा सारा इतिहास त्या निर्णयाच्या बाजूने साक्ष देतो.

एंजिन अमेरिकेचे झाले, पण त्यात घालावयाचे डिझेल कोठून आणावयाचे? तेलाचा व्यापार तोवर बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (पुढची एसो) आणि कॅल्टेक्स या तीन परदेशी कंपन्यांच्या मुठीत होता. मुंबईच्या तुर्भ्याचे आणि विशाखापट्टणचे शुद्धीकरण कारखाने त्यांचेच. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने स्वस्त दराने कच्चे तेल देऊ केले, तेव्हा या कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास साफ नकार दिला. तेलमंत्री केशवदेव मालवीय यांनी तो नकार मुकाट्याने गिळला नाही. ऑगस्ट १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन चार महिनेही झाले नव्हते तोच, ‘उझगोरोद’ नावाचे सोव्हिएत जहाज सुमारे अकरा हजार टन डिझेल घेऊन मुंबईच्या पीर पाऊ धक्क्याला लागले, आणि वर्षापूर्वी निघालेल्या सरकारी तेल कंपनीने तो माल उतरून घेतला. रशियन माल बाजारात येताच पाश्चात्य कंपन्यांना आपल्या दरात सूट द्यावी लागली. म्हणजे दुसऱ्या दुकानातून फारशी खरेदी न करताही, ते उघडे आहे एवढ्यानेच पहिल्या दुकानाचे भाव उतरले. त्याआधीच सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने खंबायत आणि अंकलेश्वर येथे तेल लागले होते, आणि १९६४ मध्ये बिहारात बरौनीचा शुद्धीकरण कारखाना सोव्हिएत सहकार्यानेच चालू झाला. अमेरिकन आराखड्याची एंजिने रशियन यंत्रांनी गाळलेले तेल जाळीत एकाच मैदानातून धावू लागली, आणि वॉशिंग्टन वा मॉस्को या दोहोंपैकी कोणालाही त्यावर हरकत घेता आली नाही.

बनारसच्या दक्षिणेस, तेव्हाच्या मिर्झापूर जिल्ह्यात, हीच चढाओढ नदी आणि खडक यांच्या रूपाने दिसते. रिहंद धरण १९६२ मध्ये पुरे झाले. त्याच्या तीनशे मेगावॅट विजेवर रेणुकूटचा अॅल्युमिनियम कारखाना अमेरिकेच्या कैसर कंपनीच्या भागीदारीत चालू झाला, तर तेथून जवळच ओबऱ्याचे औष्णिक केंद्र सोव्हिएत साहाय्याने उभे राहिले. या साऱ्या वैभवाची किंमत ज्यांनी चुकती केली ते सिंगरौलीचे शेतकरी आणि आदिवासी होते. त्यांची गावे जलाशयात बुडाली, आणि काही कुटुंबांना पुढे कोळशाच्या खाणींसाठी पुन्हा एकदा बिऱ्हाड हलवावे लागले. महासत्तांच्या स्पर्धेचा लाभ देशाला झाला असे म्हणताना देशातल्या कोणाला झाला, हा प्रश्न रिहंदच्या काठावर टाळता येत नाही.

लाभाचे हे दिवस दीर्घकाळ टिकणारे नव्हते. १९६३ मध्येच बोकारोच्या सरकारी पोलाद कारखान्यास पैसा द्यावा की नाही यावरून अमेरिकेत काहूर उठले, भारताने आपली विनंती मागे घेतली, आणि ते काम सोव्हिएत संघाकडे गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होताच अमेरिकेने मदत थांबवली, आणि जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर पावणेपाच रुपयांवरून साडेसात रुपयांवर गेला. परदेशी सुट्या भागांवर चालणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने हा दुहेरी आघात होता. मात्र नकाशे आता बनारसच्या कपाटात होते, आणि एकेक भाग देशातच घडवण्याचा जो उपक्रम सावकाशीने चालला असता, त्याला या आघातांनी निकड आणली.

अल्कोचे ते एंजिन घडवणे म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहिले पाहिजे. त्याचा सांगाडा ओतीव नसून पोलादाच्या जाड पत्र्यांचे जोडकाम करून बांधलेला असे. त्यात नऊ इंच व्यासाचे सोळा सिलिंडर आठ-आठांच्या दोन तिरप्या रांगांत बसत. हे डिझेल यंत्र चाके स्वतः फिरवीत नाही. ते एक जनित्र फिरवते, जनित्राची वीज सहा आसांवरील सहा मोटारींना जाते, आणि मोटारी चाके फिरवतात. म्हणजे डिझेल एंजिन हे वस्तुतः स्वतःचे वीजघर पाठीवर वाहणारे विजेचे एंजिन होय. सांध्यात केसाएवढी भेग राहिली तरी शेकडो मैलांच्या धावेत तेथे तडा जावयाचा; म्हणून जोडाऱ्याच्या हाताची परीक्षा येथे पदोपदी होई. तयार यंत्र आधी जागच्या जागी पूर्ण भारावर चालवून बघत; त्याची सारी वीज रोधकांमध्ये उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकत, आणि रूळावर एक चाकही न हलता त्याच्या ताकदीचा हिशोब लागे. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधल्या फिटरांना हे यंत्र पुढे इतके परिचयाचे झाले की उभ्या गाडीच्या धडधडीवरून कोणता सिलिंडर रुसला आहे ते त्यांना कळे. त्यांच्या बोलीत त्या साऱ्या जातीचे नाव एकच, ‘अल्को’.

गंमत अशी की गुरूने दुकान बंद केले आणि शिष्याचे चालू राहिले. जनरल मोटर्स आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या स्पर्धेत टिकाव न लागून अल्कोचा स्केनेक्टडीचा कारखाना १९६९ मध्ये थंडावला. बनारसचा त्या वेळी जेमतेम वयात येत होता. १९७६ मध्ये टांझानियाला येथून पहिली एंजिने निर्यात झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यास व्हिएतनामच्या अरुंद रूळांसाठी येथून एंजिने गेली, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण त्या देशाशी व्यापार करण्यास अमेरिकेने बंदी घातली होती, ती १९९४ पर्यंत उठली नाही, आणि तरीही अमेरिकन वंशाचे ते यंत्र काशीच्या वाटेने हनोईला पोचले.

परंतु या कथेला दुसरी बाजूही आहे. विद्या हाती आली, पण समोर दुसरे दुकान राहिले नाही, तेव्हा बनारसने तेच जुने एंजिन थोड्याफार सुधारणा करीत तीन दशके बांधले. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला, तेव्हा थेंबाथेंबाचा हिशोब करण्याची वेळ आली. मुंबईजवळच्या समुद्रात, सोव्हिएत जहाजांनी आधी पाहणी केलेल्या ठिकाणी, १९७४ मध्ये जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या खोदाई-मंचाने तेल शोधून काढले म्हणून तो घाव काहीसा सुसह्य झाला. इतके होऊनही एंजिन तेच राहिले. अखेर सोव्हिएत संघ विलयाला गेल्यावर, १९९५ मध्ये, तीस वर्षांपूर्वी विद्या देण्यास नाकारणाऱ्या जनरल मोटर्सशीच ४००० अश्वशक्तीच्या एंजिनाचा करार करावा लागला. तोवर भारत एंजिने बांधणारा देश झालेला होता, आणि म्हणून बोलणी करण्याची त्याची पायरी निराळी होती, एवढाच पहिल्या काळाहून फरक.

आता त्या कारखान्याचे नावही पालटले आहे. विद्युतीकरणाचा वेग वाढल्यावर येथे विजेची एंजिने होऊ लागली. फेब्रुवारी २०१९ मध्ये जुन्या अल्को जातीच्या डिझेल एंजिनांतील यंत्र काढून त्याजागी विजेची सामग्री बसवलेली जोडी बाहेर पडली, आणि २०२० मध्ये ‘बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स’ असे नवे नामकरण झाले. सोळा सिलिंडरांचे पाठीवरचे वीजघर उतरले. त्या जागी सिंगरौलीच्या कोळशावर चालणारी दूरची वीजघरे आली.

महासत्तांचे वैर मात्र उतरले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये, भारत युक्रेनशी युद्धात गुंतलेल्या रशियाचे तेल विकत घेतो हे कारण दाखवून अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा जकात बसवली. आधीची धरून ती ५० टक्के झाली. त्याचा फटका बनारसच्या शेजारच्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातील गालिचे विणणाऱ्यांना तडक बसला, कारण त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. युक्रेनच्या युद्धात त्या विणकराचा काय अपराध? चेतसिंगाचा होता तेवढाच. १९६० चे रशियन तेल देशाला लाभले आणि २०२५ चे महाग पडले, यात तेलाचा गुण-दोष नाही. पहिल्या वेळी दोघेही दुकानदार आपल्या गिऱ्हाइकासाठी झुरत होते. दुसऱ्या वेळी एका दुकानदाराला भारताची विक्री आपल्याच हातात आहे याची पुरी जाणीव होती, आणि आपण त्याच्याकडे खरीदणारे नसून विकणारे म्हणून उभे होतो.

यावरून लहान आणि मध्यम राष्ट्रांनी तात्पर्य घ्यावयाचे ते असे, की थोरांच्या भांडणाचा हंगाम आपल्या इच्छेने येत नाही आणि आपल्या इच्छेने थांबत नाही. हंगाम असेतोवर काय मागून घ्यावयाचे, एवढेच आपल्या अखत्यारीत असते. बनारसने एंजिनापेक्षा नकाशे मागितले, म्हणून मदत थांबली, रुपया घसरला, आणि खुद्द नकाशे देणारी कंपनी बुडाली, तरी कारखाना उभा राहिला; परंतु नकाशे मिळाल्यावर ते स्वतः पुढे नेण्याची तत्परता त्याने दाखवली नाही, म्हणून तीस वर्षांनी पुन्हा दुसऱ्याच्या दाराशी जावे लागले. आज येथे बांधल्या जाणाऱ्या विजेच्या एंजिनांचा मूळ आराखडा १९९० च्या दशकात एका युरोपीय कंपनीकडून घेतलेला आहे, आणि देशात बसणाऱ्या सौरपट्ट्या व विद्युतघट यांच्यासाठी आपण बव्हंशी चीनवर विसंबून आहोत. अमेरिका आणि चीन यांच्या चढाओढीचा नवा हंगाम चालू आहे. त्यात केवळ माल उतरवून घेतला तर देश ग्राहक म्हणून राहील, विद्या उतरवून घेतली तर कारागीर होईल, आणि ती विद्या आपल्याच प्रयोगशाळांत वाढवली तरच पुढल्या करारनाम्याची कलमे लिहिण्यात त्याचा हात असेल.